शहाण्णवपैकी तेवीस

"कोणाचा विश्वास बसायचा नाही," असं म्हणत मामांनी आपली खुर्ची ओढली ती थेट बाई आणि संपादिकेच्या मधोमध. "पण आज सांगूनच टाकतो. झाकून झाकून किती वर्षं झाकायचं?"

संपादिकेनं पेनाला टोपण लावायला घेतलं होतं, ती थांबली. संस्थेच्या पंच्याहत्तरीचं पुस्तक उद्या छापायला जायचं होतं. भौतिकशास्त्र विभागाची पानं दाखवायला ती बाईंच्या घरी आली होती, आणि त्या पानांत बाईंच्या सहा वर्षांच्या कामाला एक ओळ मिळाली होती: 'याच काळात विभागात काही गमतीदार प्रयोगही झाले.' बाईंनी ती ओळ भिंगातून दोनदा वाचली आणि भिंग टेबलावर पालथं ठेवलं.

"'गमतीदार' काढा," त्या म्हणाल्या होत्या. "आणि खाली तक्ता घाला. पूर्ण."

"मॅडम, तक्त्यातून काहीच निघत नाही हो."

"तेच छापा. काही निघत नाही हे कळायला सहा वर्षं लागली."

"समिती पान देणार नाही. काही सापडलं असतं तर गोष्ट वेगळी होती."

बस्स, हे शेवटचं वाक्य मामांच्या कानात शिरलं आणि तिथेच ठाण मांडून बसलं. एकतीस वर्षं ते बाईंच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. निवृत्तीनंतरही दर बुधवारी येऊन बाईंना पेपर वाचून दाखवायचे, आणि जिथे बातमी फिकी असेल तिथे थोडं पदरचं घालायचे. बाईंच्या कपाळावर आठी पडली की मूळ मजकुरावर परत यायचे. आजही त्यांनी बाईंच्या कपाळाकडे पाहून घेतलं. बाईंनी डोळे मिटले होते. मामांना तेवढी मोकळीक पुरली.

"सुरुवात कशी झाली माहितीये का, ताई? अर्जावर बाईंनी लिहिलं होतं, 'दूरदृष्टीवर परिणाम करणारे घटक'. त्यांना म्हणायचं होतं, इथे खोलीत बसून लांबची जागा मनानं दिसते का, आणि दिसत असेल तर कशानं जास्त दिसते, कशानं कमी. प्राचार्यांना वाटलं, संस्थेच्या पुढच्या वीस वर्षांचा विचार चाललाय! लगेच सही. वार्षिक सभेत कौतुक. हिशेब असा की विभागात कोणीतरी दूरदृष्टीचं आहे!"

संपादिका हसली. हे मात्र अक्षरशः खरं होतं. मामांची थाप नेहमी खऱ्याच्या खांद्यावर बसून यायची.

प्रयोग बाईंनी असा बांधला होता की त्यात मुंगी शिरू नये. शहरातल्या चार जागा: पाण्याची टाकी, घड्याळाचा मनोरा, छापखान्याचं फाटक आणि घोड्याचा पुतळा. ऑफिसातल्या लेखनिकानं बंद दाराआड फासा टाकायचा आणि बंद पाकीट मामांच्या हातात द्यायचं. मामांनी ते संस्थेबाहेर पडल्यावर फोडायचं, त्या जागी जायचं आणि पंधरा मिनिटं नुसतं बघत बसायचं. इकडे खोलीत बसलेल्या माणसानं मनात येईल ते कागदावर काढायचं. कधी टंकलेखिका, कधी खेळाचे सर. कागद जायचा ग्रंथपालाकडे. त्याला काहीच माहीत नाही, त्यानं चारांपैकी एक फोटो निवडायचा. मग बाई एकेक गोष्ट बदलायच्या. पोट भरलेलं किंवा रिकामं. जागा जवळची किंवा लांबची. पंखा चालू किंवा बंद. बघणाऱ्याचा या प्रकारावर विश्वास आहे किंवा नाही.

शहाण्णव फेऱ्या झाल्या. जुळल्या तेवीस. डोळे मिटून फोटो उचलला असता तरी चोवीस जुळल्या असत्या.

प्राचार्यांना तोवर 'दूरदृष्टी' म्हणजे काय ते कळलं होतं आणि कुठल्याशा वर्तमानपत्रालाही. उपाशीपोटीचे दिवस वगळा, टक्का सुधारतो, असं प्राचार्यांनी सुचवलं. बाईंनी सगळ्या शहाण्णव ओळींचा तक्ता सूचनाफलकावर लावला. संध्याकाळी कोणीतरी तो फाडला. दुसऱ्या दिवशी बाईंनी परत लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा चारी कडांना खळ मामांनी फासली होती, आणि जरा जास्तच. त्यानंतर तो फाडायचा तर फलकच फाडावा लागला असता. पुढे कित्येक वर्षं त्या खोलीला सगळे भुताची खोली म्हणत आणि मामांना भुताचे मामा. मामा प्रत्येकाला उलट सलाम ठोकत.

"हे सगळं छान आहे, मामा," संपादिका म्हणाली, "पण तेवीस म्हणजे तेवीसच ना?"

"तेच तर!" मामा पुढे सरकले. "ताई, मी गेलोच नव्हतो."

पेन हवेत राहिलं.

"म्हणजे पहिल्यांदा गेलो. मग पायाला फोड आला. पाकीट फोडलं तर आत पुतळा, अडीच मैल! म्हटलं कोण जातंय उन्हातान्हात, घोडा काही पळून जात नाही. कँटीनच्या मागच्या बाकावर जाऊन बसलो. समोर चुलीवर किटली. तिच्याकडे बघत पंधरा मिनिटं काढली. परत आलो तर टंकलेखिकेच्या कागदावर काय असावं?"

"काय?"

"तोटी! आणि वर वाफ. ग्रंथपाल बिचारा त्यात पाण्याची टाकी शोधत बसला. मग मला चटकच लागली. खेळाच्या सरांनी किटलीचा तुटका कान काढला. एका बाईंनी झाकणावरची माशी काढली."

"माशीसुद्धा?"

"पाय मोजले मी. सहा."

संपादिका भराभर लिहीत होती. "म्हणजे ज्या चुका धरल्या गेल्या त्या..."

"चुका कसल्या! नेम सगळे बरोबर. जागाच खोटी. बाईंचा प्रयोग फसला नाही, ताई, मी फसवला. माझं नाव घालून छापा. मला काय, एवीतेवी मी भुताचाच."

"याला अख्खं पान मिळेल," ती म्हणाली. तिच्या गालांवर रंग चढला होता. "दोनसुद्धा. फोटो आहे का हो तुमचा?"

मामांनी विजयानं बाईंकडे पाहिलं. बाईंनी डोळे उघडले होते. कपाळावर आठी नव्हती, उलट चेहरा अगदी गुळगुळीत झाला होता. भर सभेत कोणाला उठवून उभं करण्याआधी व्हायचा तसा. मामांचा हात आपोआप सदऱ्याच्या वरच्या बटणाकडे गेला.

"ते खोडा," बाई संपादिकेला म्हणाल्या.

"पण मॅडम, यामुळे तुमचं सगळं काम..."

"खोटं बोलतायत ते."

"बाई, किटली होती हो," मामा पुटपुटले. "देवाशप्पथ होती."

"किटली असेल. तुम्ही नव्हता तिथे." बाईंनी दोन्ही हात टेबलावर टेकवले आणि त्या सावकाश उभ्या राहिल्या. "एक घटक मी विभागात कोणालाच सांगितला नव्हता, मामा. पाठवलेला माणूस जागेवर जातो का? टाकीवरचा पहारेकरी माझ्यासाठी वेळ लिहून ठेवायचा. मनोऱ्याखालचा घड्याळजी लिहायचा. छापखान्यातला खिळे जुळवणारा लिहायचा. आणि पुतळ्यापाशी छत्री उघडून माझी धाकटी बहीण बसायची. शहाण्णवपैकी शहाण्णव वेळा गेलात तुम्ही. पायाला फोड आला त्या दिवशी चपला हातात घेऊन गेलात, आणि सोळा मिनिटं बसलात. अख्ख्या प्रयोगात शंकेला जागा नाही असा एवढा एकच निकाल मला मिळालाय, आणि तो तुम्ही माझ्याच घरात बसून खोटा पाडताय?"