पंपाच्या खोलीभोवती तीन फेऱ्या

चन्नारी कंबोडियाची. नंदू तिकडे वीजवाहिन्यांच्या कामावर असताना लग्न झालं. आता तो बडोद्याजवळ कोयलीला रिफायनरीत आहे आणि ती सतरा वर्षं बडोद्यात, सासूसासरे आणि मुलगी अवंती यांच्याबरोबर मांजलपूरच्या एका सोसायटीत राहते. तिच्यासारखी ख्मेर, म्हणजे कंबोडियाची, माणसं शहरात अकरा. दोघी लग्न होऊन आलेल्या, बाकीची विद्यापीठात शिकणारी. भाद्रपद वद्यात ती सगळी एकदा तरी तिच्याकडे जेवतात, कारण चिकट तांदूळ नीट शिजवणं तिलाच जमतं. तांदूळ मुलं सुटीहून येताना बॅगेतून आणतात.

त्यांचा आणि आपला पितृपंधरवडा एकच. गोळेही भाताचे, तीळ घातलेले. पण त्यांचे गोळे पहाटे चारला, अंधारात, देवळाभोवती तीन फेऱ्या घालत जमिनीवर टाकायचे असतात. ज्यांना ना अग्नी मिळाला ना मंत्र, ते उपाशी फिरतात आणि उजेडाला भितात, अशी त्यांची श्रद्धा. टाकताना नाव घ्यायचं. बडोद्यात त्यांचं देऊळ नाही, म्हणून चन्नारी सोसायटीच्या मागच्या पंपाच्या खोलीभोवती फेऱ्या घालायची. ही गोष्ट घरात फक्त अवंतीला आणि कमलाबाईंना, तिच्या सासूबाईंना, ठाऊक होती. त्या चारलाच उठून जपाला बसतात.

"पंपाच्या खोलीला का गं?" त्यांनी पहिल्या वर्षी विचारलं होतं.

"तिच्या चारी बाजूंनी फिरता येतं, आई."

यंदा चैत्रात चन्नारीची आई गेली, तिकडे बट्टम्बांगला. आईच्या दोन भावांना तिकडच्या कत्तलींच्या काळात कुणीतरी शेतावरून उचलून नेलं होतं, ते परत आले नाहीत. त्यांचा भात ती पंचेचाळीस वर्षं न चुकता टाकत आली. चन्नारी इथे टाकायची ती नुसती जोड म्हणून. शेवटच्या फोनवर आई एवढंच म्हणाली, "मामांचा भात आता तुझ्याकडे."

द्वादशीला सोसायटीच्या मागच्या बाजूला सेन्सरचे दिवे लागले. कुणी हललं की आपोआप लागणारे. ते बसवले चन्नारीच्या सासऱ्यांनीच. दीनानाथ सोसायटीचे सेक्रेटरी. तळमजल्यावरच्या नयनाबेनची तक्रार होती की पहाटे कोणीतरी भात टाकतं आणि कुत्री गोळा होतात.

त्रयोदशीला पहाटे चन्नारी आणि अवंती ताट घेऊन मागे गेल्या. पहिल्याच पावलाला पांढराफेक उजेड पडला. दोघी तशाच परत आल्या. चतुर्दशीलाही तेच.

सकाळी चहाच्या वेळी दीनानाथांनी ओट्यावरचं ताट पाहिलं.

"म्हणजे तो भात तू टाकतेस? अगं, मी तीन मीटिंगा घेतल्या त्या भातावर!"

"मला माहीत होतं," कमलाबाई म्हणाल्या.

"तुला माहीत होतं आणि तू मला दिवे बसवू दिलेस?"

"तुम्ही विचारलंत कुठे. दिवे बसल्यावर सांगितलंत."

मग अवंतीने सगळं समजावून सांगितलं. दीनानाथ जरा मऊ झाले. त्यांनी स्वतःच्या वडिलांचा महालय अष्टमीला केला होता. "असं करू, उद्या सर्वपित्री आहे. आपल्या भटजींना मामांची नावं देतो. गोत्र माहीत नसलं तर काश्यप. सगळं रीतसर होईल."

"द्या ना, बाबा. पण ते येणार नाहीत."

"का?"

"दुपारी, उजेडात कसे येतील? आणि मंत्र संस्कृतात."

"पितरांना भाषेचं काय?"

"मामा शेतकरी होते, बाबा. त्यांना ख्मेरशिवाय काही येत नव्हतं."

अवंती म्हणाली, "आजोबा, अर्धा तास दिवे बंद ठेवा ना."

"आणि नयनाबेनला काय सांगू? सेक्रेटरीच्याच घरातून कुत्र्यांची पंगत? वर्षभर ऐकवतील मला."

चन्नारी ताट धुवायला उठली. पाठमोरीच म्हणाली, "उद्या अमावास्या. त्यानंतर त्यांची तिकडची दारं वर्षभर बंद होतात. आईचं एक वर्ष चुकलं नाही. माझ्याकडे आलं आणि पहिल्याच वर्षी ते उपाशी जाणार."

नंदू नाईट शिफ्टला गेला होता. त्या अकरांतली, कलाशाखेत शिकणारी बोफा मुक्कामाला आली होती. अमावास्येच्या पहाटे तिघी गोळे वळत बसल्या होत्या, करायचे तर करायचे म्हणून. पुढचं काही ठरलं नव्हतं. चारला दहा कमी असताना दीनानाथ चपला घालून बाहेर आले.

"चला. स्विच मी बंद करतो. कुणाला सांगू नका."

मीटररूममध्ये त्यांनी चष्मा नेला नव्हता. मोबाइलच्या उजेडात पाट्या वाचता येईनात, म्हणून सगळ्यात मोठा खटका होता तो खाली ओढला. दोन्ही विंगा काळ्या पडल्या. एसी थांबले, पंखे थांबले. कमलाबाईंच्या देवघरातली समई तेवढी मागच्या खिडकीतून दिसत होती. त्यांनी ती विझवली नाही, कपाटाच्या आडोशाला सरकवली.

चन्नारीने पहिलं पाऊल टाकलं तोच बाल्कन्यांची दारं उघडायला लागली.

"लाइट गई?"

"आखी सोसायटीनी गई!"

एकेक करून मोबाइलचे टॉर्च लागले. सेन्सरच्या दिव्यांनी झाला नसता एवढा उजेड झाला. त्या उजेडात पंपाच्या खोलीपाशी तिघी ताट धरून उभ्या होत्या. नयनाबेन गाऊनवरच बाहेर आल्या.

"कोण छे? अरे, चन्नारीबेन! आ भात नाखो छो? तो ए तमे ज?"

दीनानाथ मीटररूममधून धापा टाकत आले. फॉल्ट आहे म्हणून सांगता आलं असतं. पण ते गुजरातीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "टॉर्च बंद करा. लाइट मीच बंद केली. सून तिच्या मामांना जेवायला घालते आहे. ते उजेडात येत नाहीत."

वरून कुणीतरी विचारलं, "श्राद्ध छे, दीनानाथभाई?"

"हा, श्राद्ध."

टॉर्च विझत गेले. तिसऱ्या मजल्यावर एक राहिला होता.

"पीयूष, मोबाइल बंध कर!" त्याची आई ओरडली. तोही विझला.

आता कुणीच कुणाला दिसत नव्हतं. चन्नारी चालायला लागली. पहिल्या फेरीत दोन्ही मामांची नावं तिने घेतली, दुसऱ्या फेरीतही. गोळे मातीवर पडल्याचा बारीक आवाज येत होता. कुंपणाकडून कुत्र्यांची चाहूल लागली, कुणी हाकललं नाही.

तिसऱ्या फेरीत तिचा आवाज आला नाही. पावलं मात्र चालू होती. मग अवंतीने सुरुवात केली. "सारोऊन." बोफाने हळूच नाव पुन्हा म्हणून दाखवलं. अवंतीने तसं म्हटलं आणि गोळा टाकला. मग "सम्नांग." त्याचाही टाकला.

"आई, आजीचं नाव घेऊ?"

"घे," चन्नारी म्हणाली.

झालं का, असं अंधारातून नयनाबेनने विचारलं, "थयुं, भाई? गरमी बहु छे."

"एक मिनिट," दीनानाथ म्हणाले. "अजून एक जण आहे."