विहिरीतले शंख

विहिरीतला राडा उपसणाऱ्या यारीची पाटी वर आली, तशी वनमालाने राड्यातून एक पांढरट दगड उचलला आणि पदराने पुसला. आत बोटाच्या पेराएवढाले शंख खच्चून भरले होते.

"अगं बया! शंख हायेत!" ती विहिरीत वाकून तळाशी खणणाऱ्या नवऱ्याला, अंगदला, ओरडली. "अवो, पाणी लागलंच समजा!"

शंख निघाला की झरा हातभर खाली, असं तिची सासू सांगायची. तीन उन्हाळे विहीर खोल खणणं चाललं होतं. यंदाही कोरडी निघाली तर घर बंद करून चाकणला दिराकडे जायचं, असं नवऱ्याने भावाला कळवूनसुद्धा टाकलं होतं. दाराला कुलूप तेवढं नव्हतं. वनमालाच आणू देत नव्हती.

ती नारळ घेऊन आली, तर लेक संस्कृती तो दगड न्याहाळत उभी. पोरगी अंबाजोगाईला कॉलेजात दगडमातीचंच शिकत होती. तिचा उतरलेला चेहरा बघून वनमालाने नारळ काखेत धरला.

"काय गं? बोल की."

"आई, हे तळ्यातलेच हायेत. पण तळं साडेसहा कोटी वर्षांमागचं. तवा आपली जमीन आफ्रिकेकडून सुटून समुद्रातून एकटीच सरकत होती. वरून लाव्हा आला, सगळं गाडलं गेलं."

"शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली! जळलं तुझं शिक्षण!"

तेवढ्यात अंगद दोर धरून वर आला. लेकीचं बोलणं त्याने ऐकलं होतं. तो काठावर टेकला.

"पळाले न्हाईत व्हय गं ते शंखातले जीव?"

"कुठं पळतेत, दादा?" संस्कृती बापाला म्हणाली. "चारी बाजूंनी समुद्र. ह्यांचे भाऊबंद तिकडच्या जमिनीवर ऱ्हायले, त्यांचा वंश चालला. पण बदलत बदलत. आता शेजारी ठिवले तर वळखू बी यायचे न्हाईत."

अंगद तळहाताचे फोड बघत बसला.

"पहार घालून बघितली," तो म्हणाला. "खाली परत काळाच कातळ हाय. कोरडा ठणठणीत."

वनमालाने लेकीच्या हातातला दगड घेतला आणि विहिरीत सोडला. तिघंही कान देऊन थांबली. खाली खट्ट वाजलं.

तिने नारळ पिशवीत ठेवला.

"आज बाजार हाय," ती नवऱ्याला म्हणाली. "जाऊन एक कुलूप आणा. चांगलं दणकट बघा."