मागच्या बाकाखालच्या हीटरची कैफियत

मी एक जुना हीटर आहे आणि चालू आहे. ही दोन विधानं मी मुद्दाम एकाच वाक्यात बसवली. मध्ये जरा जागा सोडली की ऐकणारा 'जुना' एवढंच ऐकतो आणि पाना आणायला निघतो. अनुभवाचे बोल आहेत, मित्रांनो.

माझा पत्ता सांगतो. एक घरगाडी आहे, म्हणजे पलंग, ओटा, मोरी आणि कुरबुरी असं सगळं घर चाकांवर घेऊन फिरणारी लांबोडकी मोटार. तिच्या मागच्या भागात एक लाकडी बाक आहे. बाकाचं झाकण उचललं की बटाट्यांची पिशवी, जादा उशा आणि कोणाचा तरी एकच बूट दिसतो. त्यांच्या मागे मी.

माझं काम सोपं आहे. इंजिन चाललं की तापतं. ते फार तापू नये म्हणून त्याच्या अंगातून पाणी फिरवतात. त्या पाण्यात रंगीत कूलंट मिसळलेलं असतं. ते गोड लागतं म्हणतात, पण विषारी असतं, तेव्हा चव घेऊन खात्री करायच्या भानगडीत पडू नका. हे तापलेलं पाणी पुढे रेडिएटरमध्ये जातं आणि आपली सगळी ऊब रस्त्यावरच्या वाऱ्याला फुकट वाटून टाकतं. त्यातला थोडा वाटा एक रबरी पाइप गाडीच्या पोटाखालून माझ्यापर्यंत आणतो. माझ्या तांब्याच्या नळ्यांतून ते पाणी फिरतं, पंखा नळ्यांवरून हवा ढकलतो, ती गरम हवा बसणाऱ्यांच्या पायांशी जाते, आणि निवलेलं पाणी दुसऱ्या पाइपातून इंजिनाकडे परततं. मी डिझेल पीत नाही, गॅस खात नाही, धूर सोडत नाही. इंजिन बंद झालं की मीही बंद. काही लोक याला माझी उणीव म्हणतात. इंजिन बंद असताना आपोआप तापायला मी काय गोवर आलेलं मूल आहे?

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमधला. ज्या बाईंनी माझ्या नळ्यांना डाग दिले, त्यांनीच मला पाण्याच्या टाकीत बुडवून तपासलं. कुठूनही गळलो नाही. "चिवट आहे मेला," त्या शेजारच्या बाईंना म्हणाल्या. मला मिळालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्र. दुसरं अजून यायचं आहे.

गाडीत बसल्यावर मी वर्षानुवर्षं राबलो. तेव्हा गाडी आत्याच्या भावाची होती. आत्या कोण ते सांगतोच. थंडीत सगळं कुटुंब या बाकावर दाटीवाटीने बसायचं. माझ्या जाळीवर ओले मोजे वाळले, ओले टॉवेल वाळले, एकदा एक ओलं मांजरही वाळलं आणि जाताना मला ओरबाडून गेलं. "मागे कसं उबदार आहे!" असं सगळे म्हणायचे आणि त्याचं श्रेय खिडकीच्या पडद्यांना द्यायचे. पडदे आत्याने शिवले होते, त्यामुळे कोणी प्रतिवाद केला नाही.

पुढे गाडी भावाच्या मुलाकडे, म्हणजे आत्याच्या भाच्याकडे आली. भाचा संगणकावर काम करतो. हाताने काहीतरी करावं अशी त्याला फार हौस आहे, आणि हौसेला मोबाइलवर व्हिडिओ मिळतात. एका उन्हाळ्यात त्याने व्हिडिओ पाहून गाडीचं कूलंट स्वतः बदललं. जुनं काढलं, नवं भरलं, कुठे सांडलं नाही. मीसुद्धा मनात शाबासकी दिली असती. अडचण एवढीच होती की व्हिडिओतल्या गाडीला मागे हीटर नव्हता.

मला पाणी देणारा एक नळ आहे. त्याचा खटका पुढे, चालकाच्या गुडघ्यापाशी. उन्हाळा असल्याने भाच्याने तो बंद ठेवला होता आणि बंद असतानाच सगळं पाणी बदललं. जुनं पाणी काढताना मीही रिकामा झालो. नवं पाणी भरताना मात्र ते नळापर्यंत आलं, दार बंद दिसलं आणि परत गेलं. माझ्या पोटात राहिली नुसती हवा.

थंडी पडली. भाच्याने खटका उघडला. पाणी आलं, पण पुढे हवा ठाण मांडून बसलेली, त्यामुळे ते माझ्या उंबऱ्यावरच अडलं. पंखा सुरू झाला आणि मी आत्याच्या पायांवर गार वारा सोडू लागलो. आयुष्यात इतकी मानहानी मी कधी सोसली नव्हती.

आता आत्या. आत्या सत्तरीची आहे. नोकरीभर ती पोस्टाच्या खिडकीमागे बसली आणि माणसांच्या दोन पिढ्यांना "उद्या या" म्हणाली. गाडीत तिची जागा मागच्या बाकावर, म्हणजे माझ्या डोक्यावर. पुढे दोनच खुर्च्या आहेत. एकीवर भाचा चालवायला बसतो. दुसरीवर त्याची बायको, म्हणजे सूनबाई, कारण मागे बसलं की तिला गाडी लागते आणि मग ती सगळ्यांनाच लागते.

यंदा घाट ओलांडून थोरलीकडे जायचं ठरलं होतं. थोरली म्हणजे आत्याची मोठी बहीण. कित्येक वर्षांत दोघी भेटल्या नव्हत्या. फोनवर रोज भांडायच्या, पण समोरासमोर भांडण्याची मजा वेगळी असते. आत्याने बहिणीसाठी स्वेटर विणला होता आणि तो आवडणार नाही हे गृहीत धरून भांडणाची तयारीही केली होती.

निघण्याआधीच्या आठवड्यात गावातल्या गावात चक्कर मारताना आत्या मागून ओरडली, "अरे, माझा उजवा पाय भाजतोय आणि डावा गारठलाय!"

आत्या दोन्ही पाय माझ्या दोन पाइपांना टेकवून बसते. पाणी आणणारा पाइप उजवीकडे, परत नेणारा डावीकडे. म्हणजे मित्रांनो, माझ्या दुखण्याचं निदान त्या एका वाक्यात पूर्ण झालं होतं. मी हुश्श केलं.

भाचा म्हणाला, "आत्या, या वयात होतं असं. रक्ताभिसरण म्हणतात त्याला."

"दोन्ही पाय एकाच दिवशी जन्माला आलेत माझे. एकट्या डाव्यालाच म्हातारपण आलं का?"

"आपण डॉक्टरांना दाखवू या ना, आत्याबाई," सूनबाई मायेने म्हणाली आणि घरी गेल्यावर तिने डाव्या पायासाठी लोकरीचे दोन मोजे काढून दिले. उजव्यासाठी एक.

मग भाच्याला माझीही आठवण झाली. जाळीपाशी हात नेऊन त्याने गार वारा पाहिला आणि मेकॅनिकला फोन लावला. मेकॅनिकने न बघताच सांगितलं, "जुना माल आहे साहेब. आतून चोंदला असणार. काढून टाकू आणि दोन पाइप एकमेकांना जोडून देऊ. कटकट मिटेल."

कटकट म्हणजे मी.

त्या दिवशी जेवताना भाच्याने घसा खाकरला. "आत्या, हीटर तर गेला. घाटात मागे बर्फासारखी थंडी असणार. तुझे पाय हे असे. तेव्हा तू यंदा घरीच थांब. तुला आम्ही पुढच्या वर्षी नेऊ."

आत्या चमचा खाली ठेवून म्हणाली, "पुढच्या वर्षी?"

"नक्की."

"बाळा, मी पस्तीस वर्षं खिडकीतून हेच सांगत होते लोकांना. मला याचा अर्थ शिकवू नकोस. आणि थोरली माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी आहे. पुढच्या वर्षी मी कोणाला भेटायचं, तिच्या पडद्यांना?"

पण मेकॅनिकची वेळ ठरलेली होती आणि ठरलेली वेळ मोडणं हे भाच्याला माणसाचं मन मोडण्यापेक्षा अवघड वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेकॅनिक हत्यारांची पेटी घेऊन गाडीत चढला. आत्या आधीच बाकावर येऊन बसली होती. मांडीवर स्वेटर, पायात मोजे, डावीकडे दोन, उजवीकडे एक.

"काकू, जरा उठता का? झाकण उघडायचंय."

"नाही."

"पाचच मिनिटं."

"उद्या या," आत्या म्हणाली.

मेकॅनिकने भाच्याकडे पाहिलं. भाच्याने सूनबाईकडे. सूनबाईने खिडकीबाहेर.

"अगं आत्या, असं काय करतेस? तो बिचारा काम टाकून आलाय."

"त्याला म्हणावं दुसरं काम कर. या गाडीत माझी एक जागा आहे. तिच्याखालचं काढलंत की उद्या वरचंही काढाल. मी काही उठत नाही."

मित्रांनो, मी निर्जीव आहे असं विज्ञान म्हणतं. विज्ञानाचा मान राखून सांगतो, त्या क्षणी माझ्या नळ्या ताठ झाल्या. माझ्यासाठी आजवर कोणी उभं राहिलं नव्हतं. कोणी बसेल असं तर मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मेकॅनिक शेवटी समोरच्या स्टुलावर टेकला. मोकळ्या माणसाने काहीतरी विचारावं म्हणून त्याने विचारलं, "पायाला काय झालंय काकू? मोजे असे दीड का?"

"उजवा भाजतो, डावा गारठतो. इथे बसलं की. घरी काही होत नाही."

"इथे बसलं की?"

"इथेच. या दोन नळकांड्यांना पाय लावले की."

मेकॅनिक थबकला. "साहेब, गाडी सुरू करा आणि मागचा खटका उघडा." इंजिन तापेपर्यंत तो थांबला. मग त्याने वाकून उजव्या पाइपला हात लावला आणि झटकन मागे घेतला. डाव्याला लावला आणि तिथेच ठेवला.

"पाणी फिरतच नाहीये," तो म्हणाला. "कूलंट कोणी बदललं?"

"मी!" भाचा छाती काढून म्हणाला. "उन्हाळ्यात. स्वतः."

"तेव्हा मागचा नळ उघडा होता?"

"उन्हाळ्यात हीटर कशाला चालू ठेवू?"

"बरोबर आहे," मेकॅनिक म्हणाला आणि त्याने कपाळ पुसलं. "म्हणजे चूक आहे, पण बरोबर आहे. हवा अडकलीय आत. फोनवर मी म्हटलंच होतं बहुतेक."

बहुतेक! पण मी मध्ये बोललो नाही. जीव मुठीत होता.

"काकू, आता मात्र उठावं लागेल. हवा सोडायचा स्क्रू त्याच्या डोक्यावर आहे."

आत्याने डोळे बारीक केले. "ती पेटी बाहेर ठेव."

"अहो, हत्यारांशिवाय..."

"पाने बाहेर, करवत बाहेर. फक्त स्क्रूड्रायव्हर घेऊन ये. सूनबाई, तू दारात उभी राहा. दुसरं काही आत येता कामा नये."

"हो आत्याबाई," सूनबाई म्हणाली आणि खरोखरच हात पसरून दारात उभी राहिली. नवऱ्याची तिने झडतीही घेतली.

पुढचं काम मन लावून ऐका, कारण शहाणी माणसंही इथे हात भाजून घेतात. इंजिन बंद करून आधी पूर्ण निवू दिलं. गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नसतं, आतलं पाणी तोंडावर उसळतं. गाडी चढावर अशी लावली की पुढचं तोंड उंच राहील. झाकण उघडून कूलंट काठोकाठ भरलं, मागचा नळ सताड उघडा ठेवला, इंजिन हळू चालू केलं, आणि मेकॅनिकने माझ्या डोक्यावरचा स्क्रू जरासा सैल केला.

फुस्स झालं. मग फसफस, मग थुंकी. चारचौघांत, पाहुण्यासमोर. मला मुळीच लाज वाटली नाही. इतके महिने तो वारा मी पोटात घेऊन बसलो होतो. पुढे भाचा कूलंट ओतत होता, मागे मी ओकत होतो, आणि अखेर स्क्रूतून पाण्याची एकसंध, न तुटणारी धार आली. मेकॅनिकने स्क्रू आवळला, रेडिएटरचं झाकण लावलं. आत्याने डाव्या पायातले दोन्ही मोजे काढले आणि तळवा पाइपला लावला.

मग उजव्या पायातला एक मोजाही काढला.

"आत्या?" भाच्याने विचारलं.

"माझं रक्ताभिसरण सुधारलं," आत्या म्हणाली. "सामान भर."

घाटात बाहेर दगडांवर बर्फ होतं. मागे आत्या खिडकीच्या काचा खाली करा म्हणून हुकूम सोडत होती, आणि त्या उघड्या काचांमुळे पुढच्या खुर्च्यांवर भाचा आणि सूनबाई कोट घालून कुडकुडत होती. मी जरा जास्तच तापलो होतो, हे मान्य. पण कोणी मागे येऊन मला समजवायला धजलं नाही.

थोरली दारात काठी टेकून उभी होती. आत्या उतरली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, मग थोरली म्हणाली, "किती वाळलीस गं!" आणि आत्या म्हणाली, "तू बघ आधी आरशात!" आणि दोघी रडायला लागल्या. स्वेटर थोरलीला आवडला नाही.

मित्रांनो, अशा आत्मवृत्ताच्या शेवटी वस्तूने हात जोडून विनंती करायची असते. मला हात नाहीत आणि विनंती करायचा स्वभावही नाही. म्हणून बजावतो. एखादी वस्तू चालत नाही असं फोनवरून ठरवू नका, उठा आणि जाऊन तिला हात लावा. कूलंट बदलाल तेव्हा माझा नळ उघडा ठेवा, मग उन्हाळा असो नाहीतर वणवा. आणि कोणी म्हाताऱ्या बाईने सांगितलं की एक पाय भाजतोय आणि एक गारठलाय, तर कृपा करून मोजे आणायला पळू नका. ती काय म्हणते ते आधी ऐका.

एवढं सांगूनही मला काढायचंच असेल तर जरूर या. पेटी घेऊन या, करवत घेऊन या. फक्त एक कळवून ठेवतो. परतताना थोरलीही आमच्याबरोबर आली. आता माझ्या झाकणावर दोघी बसतात.

काढून दाखवा.