मणक्यातले सहा स्क्रू

मणक्याच्या ऑपरेशननंतर चार महिन्यांनी सर्जेराव वालचंदनगरजवळच्या आपल्या वर्कशॉपात हजर झाले. त्यांना लेथ मशीनवरचं आपलं काम परत हवं होतं. हाड नीट जुळलंय हे दाखवायला त्यांनी एक्स-रे पुढं केला. फिटर मंडळी जेवणाचे डबे तसेच ठेवून तो उजेडात धरून बघू लागली.

"सहा स्क्रू, दोन रॉड. लाईनीत बसवल्यात," एक जण म्हणाला.

"पण वायसर न्हाय घातलं," दुसऱ्याला खटकलं.

"मग उभा राहू का मशीनवर?" सर्जेरावांनी विचारलं.

सुपरवायझर दीपक त्यांच्याच हाताखाली शिकलेला. तो म्हणाला, "तात्या, नव्या फिटिंगवर लगेच लोड द्यायचा न्हाय, हे मला कुणी शिकवलं?"

"म्याच," सर्जेराव पुटपुटले आणि तयार सुटे भाग तपासायच्या टेबलाशी जाऊन बसले. पहिल्याच तासात त्यांनी दीपकनं पास केलेले दोन जॉब परत पाठवले.