चुकांची फाईल

"ही काय भानगड हाय?" शेती अधिकारी गणपतरावांनी प्रिंटरमधून निघालेला लांबलचक कागद टेबलावर आपटला.

"चुकांची नोंद हाय साहेब. वर्षाची," कॉम्प्युटर ऑपरेटर निसार म्हणाला.

कोल्हापूरजवळच्या त्या साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर खोलीत चेअरमन आणि एक संचालक येऊन बसले होते. सत्याऐंशीचा हंगाम सरत आला होता.

आदल्या हंगामात ऊसतोडीची यादी चुकली, तेव्हा गणपतरावांनी सगळ्यांदेखत निसारकडे बोट दाखवलं होतं. लागणीच्या खोट्या तारखा घालून नात्यातल्या पाहुण्यांचा ऊस यादीत पुढं काढत होते ते स्वतःच. प्रोग्रॅम भलती तारीख नाकारायचा, पडद्यावर एरर यायची, मग ते दुसरी घालून बघायचे. पण पुढचं काही टाईप केलं की ती एरर वर सरकून नाहीशी व्हायची. पुरावा उरायचा नाही. निसारला दोन महिने घरी बसवलं. त्या बदनामीत बहिणीची, सलमाची, ठरलेली सोयरीक मोडली.

परत आल्यावर त्यानं गुपचूप प्रोग्रॅममध्ये अकरा ओळी वाढवल्या. आता प्रत्येक एरर तारीख, वेळ, माणसाचं नाव आणि टाईप केलेल्या मजकुरासकट एका फाईलमध्ये जाऊन बसू लागली. रोज संध्याकाळी तो त्या फाईलमध्ये 'गणपतराव' एवढंच नाव शोधायचा. सापडलं, की त्या दिवशी जेवण गोड लागायचं.

"बावन्न येळा तुमचं नाव?" चेअरमननी गणपतरावांना विचारलं.

"माझ्या नावानं दुसरं कोनबी बसलं आसंल की!"

"पासवर्ड तुमच्याकडंच हाय न्हवं? उद्यापासनं येऊ नका."

गणपतराव उठले. निसार त्यांच्या उतरलेल्या तोंडाकडे डोळे भरून बघत होता. तेवढ्यात चेअरमनचं बोट एका ओळीवर थांबलं.

"नऊ डिसेंबर. निसार मुलाणी. हे तूच न्हवं?"

बनाबाई नावाच्या शेतकरी बाईच्या जमिनीच्या गट नंबरात त्याचा एक आकडा चुकला होता. प्रोग्रॅमनं नोंद नाकारली होती. घाईत पडद्यावरची एरर त्याच्या नजरेतून सुटली आणि फाईलमधलं दुसरं नाव तर त्यानं कधी वाचलंच नव्हतं.

"म्हंजे तिचं नाव यादीत आलंच न्हाय," संचालक म्हणाले. "आजून ऊस हुबा हाय तिचा. तुरं येऊन वाळला."

दारातून गणपतराव वळले. "आता बोल की, मुलाण्या!"

"चूक माझी हाय," निसार म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो सायकलनं बनाबाईच्या शेतावर गेला. ती बांधावर एकटीच बसली होती.

"कोन पावणं?"

त्यानं नाव सांगितलं. काय झालं तेही सांगितलं.

बनाबाईनं जवळचा एक ऊस मोडला आणि त्याच्या हातात दिला. आतून तो पोकळ होता.