थंड खोलीच्या दाराची मूठ

मित्रांनो, दार उघडताना तुम्ही दारापलीकडे कोण आहे ते बघता, आत काय आहे ते बघता. ज्या मुठीला धरून दार ओढता, तिच्याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. मी तशीच एक जुनी पितळी मूठ आहे. पनवेलच्या खाडीजवळ बर्फाचा कारखाना आहे, तिथल्या थंड खोलीच्या दारावर माझं आयुष्य गेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं माणसं म्हणतात. माझ्यापाशी झाकण्यासारखं काही नाही, म्हणून सगळं सांगून टाकते.

माझा जन्म मुंबईतल्या एका ओतशाळेत झाला. मोठी लढाई नुकतीच संपली होती आणि नवं पितळ सहजासहजी मिळत नव्हतं. म्हणून कुणाची चिरलेली घागर, कुणाचा पोचे आलेला तांब्या, देवघरातली एक मोडकी समई, असं सगळं एका मुशीत वितळवून मला ओतलं. त्यामुळे माझं घराणं कोणतं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. कारागिरानं मला घासूनपुसून इतकं लखलखीत केलं, की त्यात त्याला स्वतःच्या मिशा दिसल्या आणि तो खूश झाला.

माझ्यासोबत कुलपाचा एक डबा आला, त्याच्या पोटात कमान आणि एक जाड जीभ. माझ्या पाठीतून एक चौकोनी दांडा दाराच्या आरपार जातो आणि पलीकडे, खोलीच्या आतल्या बाजूला, माझाच दुसरा भाग असलेल्या गोळ्याला मिळतो. दार लोटलं की जीभ चौकटीच्या खाचेत शिरते. बाहेरून मला दाबलं किंवा आतून गोळा फिरवला, की ती मागे येते आणि दार उघडतं. आमच्याकडे जिभेला एवढंच काम असतं. त्यामुळे भांडणं होत नाहीत.

कारखाना काढला काशीरामशेटनी. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मिठागरं होती. या माणसाला बर्फाचं वेड कुठून लागलं कोण जाणे. गाव हसलं. "मीठ इकता इकता शेट आता थंडी इकनार," असं म्हणून लोक टाळ्या देत. शेटनी मात्र सागवानाचं वीतभर जाड दार करून घेतलं, त्याच्या पोटात बुचाचा भुसा भरला आणि वरच्या अंगाला ताटाएवढी एक खिडकी ठेवली. त्या खिडकीला एक नाही, दोन काचा होत्या. दोन्ही काचांच्या मध्ये हवा कोंडलेली, म्हणजे आतली थंडी बाहेर येत नाही, बाहेरचा उकाडा आत जात नाही आणि काचेला घाम फुटत नाही. पनवेलात असली खिडकी कुणी पाहिली नव्हती. सुरुवातीला लोक बर्फ सोडून खिडकीच बघायला येत, आणि मला उगाच वाटे की मला बघायला आलेत.

यंत्राची देखभाल महादेव मिस्त्रीकडे होती. माणूस मनाचा चांगला, आवाजाचा मोठा. त्याच्या मते जगातली प्रत्येक अडचण एक तर तेलानं सुटते, नाहीतर हातोडीनं. तिसरा उपाय त्याला सुचवला तर तो रागावत असे.

आणि मग गुणाबाई. तिच्याबद्दल बोलायला लागले की माझं पितळ ऊन होतं. गुणाबाई उरणच्या किनाऱ्यावरची कोळीण. भरती साधून मचव्यानं पनवेल बंदरात उतरायची आणि डोक्यावर मासळीची पाटी घेऊन तडक आमच्याकडे यायची. पूर्वी बाजारात पापलेट उरलं की ते मिळेल त्याला देऊन टाकावं लागे, नाहीतर फेकावं लागे. आता उरलेली मासळी थंड खोलीत राही आणि दुसऱ्या दिवशी ताठ मानेनं विकली जाई. नवरा दर्यावर गेला तो परतला नव्हता. घर तिच्या पाटीवर चाले आणि पाटी आमच्या दारावर. म्हणून ती मला कधी झटका देऊन उघडत नसे. आधी हात ठेवायची, मग दाबायची.

दर दसऱ्याला कारखान्यात यंत्राची पूजा होई. त्या दिवशी यंत्र बंद, दारं सताड उघडी. महादेव यंत्राला हार घाली आणि गुणाबाई माझी पूजा करी. तिच्या घरची एक रीत होती. नारळी पुनवेला दर्याला वाहायच्या नारळांबरोबर घरच्यासाठी फोडलेल्या नारळांचं तेल ती काढून ठेवायची आणि दसऱ्याला आपल्या पोटापाण्याच्या वस्तूंना लावायची. पाटीला, कोयत्याला, वल्ह्याला आणि मला. माझ्या अंगाला तेल, तेलात हळद-कुंकू, वर अक्षता. मित्रांनो, खरं सांगते, त्या दिवशी मी फुगून जात असे. खारट, ओल्या हातांनी मला हिरवट कळा आणली होती. काचांच्या कडा बुजवायला लावलेली लांबी तडकून दोन काचांच्या मध्ये ओल शिरली होती आणि काच धुरकट झाली होती. "उद्या करतो," असं महादेव रोज म्हणे. पण वर्षातून एक दिवस मी देवी होते, त्यापुढे बाकीच्या तक्रारी कुणाला आठवतात?

एका दसऱ्याला मी कुरकुरत होते. म्हणजे खरोखरच दाबलं की कुर्रर्र आवाज येत होता. गुणाबाईनं कान लावून ऐकलं.

"घसा सुकलाय गो हिचा," ती म्हणाली. "थांब बाय, पोटभर पाजते तुला."

आणि तिनं वाटीभर खोबरेल माझ्या फटीत ओतलं, आतून आणि बाहेरून. हळद, कुंकू, तांदळाचे दाणे, सगळं तेलाबरोबर वाहत कुलपाच्या डब्यात उतरलं. खोली उघडी होती, ऊन पडलं होतं, तेल पातळ होतं. ते जिभेच्या खाचेपर्यंत जाऊन बसलं. माझी कुरकुर तिथल्या तिथे थांबली. सगळे खूश, मीही खूश. महादेव तर म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं, तेल पाहिजे म्हणून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र सुरू झालं. खोली हळूहळू गार होत गेली. दुपारी गुणाबाई पाटी ठेवायला आत गेली आणि नेहमीच्या नियमानं दार ओढून घेतलं, कारण दार उघडं राहिलं की थंडी जाते आणि शेट ओरडतात. जीभ खाचेत शिरली. गुणाबाई आत मासळीवर बर्फ पसरत बसली. इकडे माझ्या पोटात तेल घट्ट होत होतं. थंडीच्या दिवसांत तुमच्या घरातलं खोबरेल बाटलीत पांढरं होऊन बसतं ना, तसंच. हळद-तांदळाचा त्यात चांगला गिलावा झाला.

काम संपवून ती उठली आणि तिनं गोळा फिरवला. मी हलले नाही. तिनं पुन्हा फिरवला, दोन्ही हातांनी फिरवला. मी जीव एकवटला, पण जीभ जागची सरकेना. तिनं दारावर थापा मारल्या. त्या वीतभर सागवानातून काय ऐकू जाणार? अंगावर सुती लुगडं, पाय ओले, आणि चहूकडे बर्फाच्या लाद्या. माझ्यावर विसंबून ती आत आली होती, आणि मीच तिला कोंडलं होतं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

सोनाबाई, तिची सोबतीण, ओट्यावर वाट बघत होती. दोघी नेहमी मिळून बाजारात जायच्या. बराच वेळ झाला तशी ती उठून आली, मला दाबलं, आणि मी हलत नाही म्हटल्यावर खिडकीला डोळा लावला. काच धुरकट. फक्त खालचा एक कोपरा तेवढा स्वच्छ होता, त्यातून तिला गुणाबाईचं निळसर पडलेलं तोंड दिसलं.

"मिस्तरी, गुणाबाय आत अडकलीय," सोनाबाई ओरडली.

महादेव धावला. आधी त्यानं यंत्र बंद केलं, हे त्यानं शहाणपणाचं केलं. मग हातोडी उचलली, आणि तीन-चार घावांत मला वाकवलं. काशीरामशेट आले, त्यांनी दगड उचलून खिडकीवर धरला. सोनाबाईनं त्यांचा हात पकडला.

"शेट, काचा तिच्या तोंडावर जातील. आनी तितून हात पोचनार हाय का मुठीला?"

शेटनी दगड खाली टाकला. "दार गेलं तरी चालंल," ते म्हणाले, "पन बाय जायला नको. कुऱ्हाड आना कुनीतरी." कुऱ्हाडीनं ते दार फुटायला संध्याकाळ झाली असती, हे त्यांनाही ठाऊक होतं.

आत गुणाबाईनं ओरडणं सोडून दिलं होतं. तिनं अंबाड्यातला आकडा काढला आणि गोळ्याच्या भोवतीच्या फटीत घालून टोकरायला लागली. आकड्याच्या टोकाला पिवळं-पांढरं मेण आलं. तिनं ते बोटावर घेऊन बघितलं. मग खिडकीच्या स्वच्छ कोपऱ्याशी येऊन तिनं ते बोट दाखवलं आणि दुसऱ्या हातानं आपल्या टाळूवर थोपटायला लागली.

"तिचं डोकं दुखतंय," महादेव म्हणाला. "चक्कर येतेय तिला."

गुणाबाईनं मान हलवली आणि पुन्हा थोपटलं, अधिक जोरानं, जणू समोर अडाणी माणूस उभा आहे.

सोनाबाईनं महादेवाला बाजूला सारलं. "डोकं कसलं दुखतंय? पोरींच्या टाळूवर आपन काय थापतो? त्याल. त्याल गोठलंय कुलपात. ऊन पानी आना आदी."

शेजारीच चहाचं दुकान होतं. तिथलं चहाचं आधण तसंच उचलून आणलं. चहाची पत्ती त्यात पडलेली होती, पण ते बघायला कुणाला वेळ होता? सोनाबाई माझ्यावर धार धरत राहिली. मित्रांनो, पितळाचा एक गुण आहे. ते ऊन लवकर धरतं आणि लगेच पुढे देतं. कुणाच्या घागरीचा, कुणाच्या तांब्याचा, त्या मोडक्या समईचा तो गुण माझ्यात उतरला होता. मी मिळेल ती ऊब चौकोनी दांड्यातून आत पाठवत होते.

आणि पलीकडून काय येत होतं ते कुणालाच दिसत नव्हतं, ते फक्त मला ठाऊक आहे. गुणाबाईनं आपले दोन्ही तळवे गोळ्याभोवती धरले होते आणि त्यांत ती तोंडानं हाः हाः करून वाफ सोडत होती. तिचे दात वाजत होते, बोटं वळत नव्हती. उरलीसुरली ऊब स्वतःसाठी ठेवायची सोडून तिनं ती मला दिली. अधूनमधून पुटपुटत होती, "सूट गो बाय, सूट."

मी सुटले. आधी एक दाणा हलला, मग जीभ केसभर सरकली, मग सोनाबाईनं आपला सगळा भार माझ्यावर टाकला आणि दार उघडलं. गुणाबाई तिच्या अंगावर कोसळली. शेटनी आपलं उपरणं तिला गुंडाळलं. ओट्यावर उन्हात बसवून तिला त्याच आधणातला उरलेला चहा पाजला. बिनसाखरेचा होता. तिसऱ्या घोटाला ती म्हणाली, "साकर नाय घातली कुनी," तेव्हा सोनाबाई आधी हसली आणि मग पदरात तोंड घालून रडली.

त्याच दुपारी महादेवानं मला दारावरून काढलं. तो मान खाली घालून काम करत होता. पोत्यावर मांडून त्यानं माझे सगळे भाग सुटे केले. कुलपाच्या डब्यातून वर्षानुवर्षांच्या दसऱ्यांचा गोळा निघाला. हळद, कुंकू, तांदूळ, झेंडूची वाळकी पाकळी. त्यानं मला रॉकेलमध्ये बुडवून घासलं, वाकलेली होते ती ठोकून सरळ केली, हलक्या हातानं. नवी कमान बसवली. तेलाऐवजी शिसपेन्सिलीतल्या शिशाचा चुरा जिभेला चोळला, तो कितीही थंडीत गोठत नाही. मग खिडकी उतरवली, दोन्ही काचा पुसून उन्हात खडखडीत वाळवल्या आणि जवसाच्या तेलातली नवी लांबी भरून पुन्हा बसवल्या. आतून ओढायची एक दोरी आणि बाहेर घंटाही लावली. इतकी वर्षं "उद्या" म्हणत ठेवलेली कामं त्यानं दोन दिवसांत उरकली. त्याच्या हातोडीचा राग माझ्या मनातून गेला.

मग गुणाबाई आली. काशीरामशेट दारातच उभे होते.

"बाय, तू नको आत जाऊ. तुझी पाटी मी ठेवतो."

"शेट, माजी मासली माज्याच हातानं ठेवीन," ती म्हणाली.

"मंग दार उगडं ठेव. जाऊ दे थंडी."

तिनं माझ्याकडे बघितलं. माझ्या अंगावर हातोडीचे पोचे होते, हार नव्हता, कुंकू नव्हतं. तिनं नेहमीसारखा आधी हात ठेवला, मग दाबलं. आत गेली आणि दार ओढून घेतलं. पूर्ण. जीभ खाचेत गेल्याचा आवाज आला. महादेव घंटेखाली उभा होता. स्वच्छ खिडकीतून ती दिसत होती, सावकाश मासळीवर बर्फ पसरताना. तिला कसली घाई नव्हती.

तेव्हापासून बरीच वर्षं झाली. आता महादेव दर महिन्याला मला उघडून बघतो, आणि दसऱ्याला गुणाबाई आधी कोरडं फडकं घेऊन येते, मग कुंकवाचं एक बोट लावते. मी या माणसांची ऋणी आहे, आणि ते मी मोकळेपणानं सांगते. मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणीतरी असेल, बिजागरी असेल, विहिरीचा रहाट असेल, सायकलचा ब्रेक असेल. त्याची पूजा जरूर करा, आम्हाला ती आवडते. पण आधी त्याचं पोट उघडून बघा, कुठे दुखतंय ते विचारा. कारण आम्हाला बोलता येत नाही, आणि तुम्ही तर आमच्या भरवशावर दार लावून घेता.