कातळावरचे टायर

"मागं व्हा जरा, दगड उडतील," टॉर्किलने खिडकीतून डोकं बाहेर काढून सांगितलं आणि पुन्हा पहिला गियर टाकला.

काळ्या कपड्यांतली माणसं दोन्ही बाजूंना सरकली. इंजिन घुमलं, चारही चाकं गरगर फिरली, जळक्या रबराचा वास सुटला आणि जीप चढायची सोडून ओल्या कातळावरून हातभर खाली घसरली. मागच्या हौद्यात दोरांनी बांधलेली फार्करची शवपेटी दणकन एका बाजूला आदळली. तो आवाज सगळ्यांनी ऐकला. फार्करच्या बायकोने, इशबेलनेही ऐकला.

दरीच्या टोकाला, ओढ्यापलीकडच्या टेकाडावर जुनी दफनभूमी होती. फार्करच्या घराण्यातली झाडून सगळी माणसं तिथेच विसावली होती. तिकडे जाणारी वाट म्हणजे नुसता दलदलीचा काळा चिखल, आणि ओढा ओलांडला की ही एकच कातळाची चढण. चिखल जीपने असा काही कापला होता की टॉर्किलला मनातून चक्क बरं वाटलं होतं. जिवलग मित्राला पोचवायला निघालेल्या माणसाला बरं वाटलं होतं, आणि आता त्याला त्याचीच लाज वाटत होती.

गावात टॉर्किलचं एकुलतं एक गॅरेज. उभा जन्म त्याने दुसऱ्यांच्या गाड्यांखाली उताणा पडून काढला होता. फार्कर वरच्या इस्टेटीतल्या शिकारीच्या रानाचा राखणदार. त्याच्या गाडीला काही झालेलं नसलं तरी तो गॅरेजवर यायचा आणि टॉर्किलच्या कामात खोड्या काढत बसायचा. दुखणं बरं होणारं नाही हे कळल्यावरही तो असाच एका दुपारी आला, उलट्या क्रेटवर बसला आणि चहाचा मग हातात घेऊन म्हणाला, "मला वर तुझ्या जीपमधून न्यायचं बरं का. ती शहरातली काळी गाडी ओढ्यापाशीच बसकण मारेल. पण तुझ्या टायरांचा पार गोटा झालाय. आधी ते बदल."

"स्वतःच्या मयताची गाडी तपासायला आलायस होय?"

"मग काय. तुझ्यावर सोडलं तर घोळ घालशील. कुठले घालणार, सांग."

टॉर्किलने भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवलं. उंच उंच ठोकळ्यांचे, मधे रुंद खाचा असलेले दांडगे टायर होते ते.

"ते नकोत," फार्कर म्हणाला. "चिखलात ते राजे, कबूल. पण ओल्या कातळावर नुसते ठोकळ्यांचे माथे टेकतात, बाकी सगळं अधांतरी. मधल्या जातीचे घे. दाट नक्षी, मऊ रबर, बाजू जाड. हवा जरा कमी ठेव. चिखलात कुरकुर करतील, पण खडक सोडणार नाहीत."

"अरे, वाट सगळी चिखलाची आहे लेका. खडक तो केवढासा."

"वाट लांब कुठं आहे ते बघू नकोस. अवघड कुठं आहे ते बघ."

टॉर्किल 'बरं' म्हणाला, आणि त्याने घेतले ते उंच ठोकळ्यांचेच. कारण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. शेजारच्या दरीतल्या हॉटेलवाल्याच्या गाडीला तसे टायर होते आणि ती गावातून गेली की माणसं मान वळवून बघत. टॉर्किलच्या गाडीकडे कोणी कधी मान वळवली नव्हती, टॉर्किलकडे तर नाहीच. नवे टायर चढवून तो दुकानापुढे थांबला तेव्हा पोस्टातली मॉर्ना मुद्दाम बाहेर आली आणि म्हणाली, "कुठल्या मोहिमेवर निघालास रे?" तेवढ्यावर स्वारी कितीतरी दिवस खूश होती. फार्कर तेव्हा इस्पितळात होता. त्याने विचारलं, "टायर घातलेस का?" टॉर्किल खिडकीबाहेर बघत "घातले" म्हणाला. कुठले, ते फार्करने विचारलं नाही.

आता टॉर्किलने चाकांतली हवा आणखी सोडली आणि पुन्हा जोर लावून पाहिला. जीप तिरकी होऊन ओढ्याकडे सरकायला लागली तसा फार्करचा धाकटा भाऊ युअन पुढे आला आणि त्याने बॉनेटवर थाप मारली.

"पुरे. बंद कर."

टॉर्किल खाली उतरला. सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं.

"पावसानं शेवाळ धरलंय," तो म्हणाला. "कातळच वाईट झालाय. कुठलीच गाडी चढली नसती."

"हो ना, तू तरी काय करणार," युअन म्हणाला. "इस्टेटवाले या वाटेची डागडुजी करतील तेव्हा खरं." आणि त्याने टॉर्किलचा खांदा थोपटला. त्यापेक्षा त्याने आईबापावरून शिव्या घातल्या असत्या तर सोसलं असतं.

पेटी खाली उतरवली. पूर्वी गाड्या नव्हत्या तेव्हा न्यायचे तशीच आता न्यायची होती. पुरुषांनी दोन रांगा केल्या. पुढची जोडी थोडं चालून बाजूला व्हायची, मागचे एकेक जागा पुढे सरकायचे, आणि पेटी खाली न टेकता खांद्यांवरून वर चालली. टॉर्किलची पाळी नेमकी कातळावर आली. त्याचा पाय सटकला, पेटी कलली, शेजारच्याने कशीबशी सावरली.

"सांभाळून रे," तो हळूच म्हणाला.

वर पोचल्यावर युअनने पेटीच्या दोऱ्या वाटायला घेतल्या. आठ दोऱ्यांनी पेटी खड्ड्यात सोडायची आणि कुठली दोरी कोणाच्या हाती द्यायची ते गेलेल्या माणसाने किंवा घरच्यांनी ठरवायचं. डोक्याकडची भावाची. तिच्या खालोखाल मानाची ती पायाकडची.

"पायाकडं टॉर्किल," युअन म्हणाला.

टॉर्किल जागचा हलला नाही. "दुसऱ्या कोणाला दे."

"का?"

पाद्री पुस्तक उघडून थांबले होते. टॉर्किल इशबेलकडे वळला.

"कातळ काही वाईट झालेला नाही, इशबेल. तो होता तसाच आहे. फार्करनं मला टायर सांगितले होते. मी दुसरे घेतले." तो थांबला. "दिसायला रुबाबदार म्हणून घेतले."

बोलताना त्याचे कान तापले. कोणीतरी खाकरलं. इशबेलने रुमालाने नाक पुसलं.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "त्यालाही ठाऊक होतं. मला म्हणाला, टॉर्किल ते दांडगेच घालणार. घालू दे. जन्मात कधी स्वतःच्या हौसेचं काही घेतलं नाही त्यानं. तू मंडळींना तेवढं सांगून ठेव, डोंगरातले बूट घालून या म्हणावं, शेवटची चढण पायीच आहे. आणि पायाकडची दोरी त्याला द्या."

"मला नाही बोललीस ते."

"तुला कळू द्यायचं नाही म्हणाला."

टॉर्किलने मान खाली घातली. खड्ड्याभोवती सगळ्यांच्या पायांत जाड तळव्यांचे, चिखलाने माखलेले बूट होते. त्याच्या एकट्याच्या पायांत गुळगुळीत तळव्यांचे काळे जोडे होते, फार्करसाठी सकाळी घासूनपुसून चमकवलेले. त्याने दोरी हाताला गुंडाळली, जोड्यांच्या टाचा ओल्या मातीत रोवल्या, आणि युअनने मान हलवताच बाकीच्यांच्या बरोबरीने ती हळूहळू सोडायला लागला.